इटलीत रोम ते मिलान रेल्वेने: कोणती तिकिटे आधी काढावीत, कोणती तिथे पोहोचल्यावर?

पार्ल्याची_लेक

नमस्कार. येत्या एप्रिलमध्ये, मुलाची परीक्षा आटोपल्यावर, मी आई-बाबांना आणि चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन इटलीला जाणार आहे. २१ एप्रिलला मुंबईहून रोमला पोहोचायचे आणि २ मे रोजी मिलानहून परत निघायचे, एवढे विमानाचे नक्की झाले आहे. रोमला चार रात्री, फ्लोरेन्सला तीन, व्हेनिसला दोन आणि मिलानला दोन असा मुक्काम ठरवला असून रोमहून एका दिवसात पोंपेई आणि फ्लोरेन्सहून एका दिवसात पिसा पाहून यावे, अशी बाबांची इच्छा आहे. बाबांनी छत्तीस वर्षे पार्ले ते चर्चगेट केले आहे. हातात वेळापत्रक दिले की त्यांना वर्तमानपत्रही लागत नाही. आईचे मात्र दोन्ही गुडघे दुखतात आणि जिन्याचे नाव काढले तरी तिचा चेहरा उतरतो.

अडचण अशी की ज्यांना विचारावे ते वेगळे सांगतात. एका प्रवासी कंपनीने चौघांसाठी युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा पास) घ्यायचा आग्रह धरला, तर नवऱ्याचे सहकारी म्हणाले की काहीही आधी काढू नका, तिथे खिडकीवर सगळे मिळते. त्रेनितालिया आणि इतालो अशा दोन कंपन्यांच्या गाड्या दिसतात, त्यांतली कोणती निवडावी हे कळत नाही. शिवाय व्हिसासाठीची वेळ फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली मिळाली आहे, तेव्हा व्हिसा हाती येण्यापूर्वी तिकिटांत पैसे अडकवावेत का, हाही प्रश्न आहेच. ज्यांनी वयस्कर माणसांना घेऊन हा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_ठाणेकर

ताई, आधी पासाचा विषय संपवू. युरेल पास युरोपाबाहेरच्या रहिवाशांसाठी असतो, त्यामुळे आपल्याला तो मिळतो हे खरे आहे. परंतु इटलीतल्या वेगवान गाड्यांत नुसत्या पासावर बसता येत नाही. प्रत्येक वेळी जागेचे आरक्षण वेगळे पैसे भरून करावे लागते, आणि इतालोच्या गाड्यांत तर पास चालतच नाही. तुमच्या आराखड्यात लांबचे प्रवास तीन आणि पोंपेईसाठी नापोलीची, म्हणजे नेपल्सची, एक फेरी, एवढेच आहे. महिनाभर चार देश पालथे घालणाऱ्याला पास परवडेल. तुम्हाला परवडणार नाही.

आता गाड्या. तुमच्या कामापुरते त्यांचे दोन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. पहिला प्रकार वेगवान गाड्यांचा: त्रेनितालियाच्या फ्रेच्चारोसा आणि इतालोच्या गाड्या. यांत आसन क्रमांकासह आरक्षण सक्तीचे असते आणि भाडे विमानासारखे चढत जाते. दुसरा प्रकार प्रादेशिक गाड्यांचा, म्हणजे रेजोनालेचा. त्यांचे भाडे अंतरावर ठरलेले असते, आसन क्रमांक नसतो आणि महिनाभर आधी काढले काय किंवा सुटण्यापूर्वी दहा मिनिटे काढले काय, पैसे तेवढेच पडतात. फ्लोरेन्स ते पिसा हा तासाभराचा प्रवास या दुसऱ्या प्रकारातला आहे. त्याची आजपासून काळजी करण्याचे काही कारण नाही.

आपल्याकडे भाडे ठरलेले असते आणि जागा मिळेल की नाही याची धाकधूक असते. तिथे जागा बहुधा मिळते, धाकधूक भाड्याची असते. प्रतीक्षा यादी, आरएसी, तत्काळ यांपैकी काहीही नाही. रोम-फ्लोरेन्सचे जे तिकीट दोन महिने आधी वीस-पंचवीस युरोंना दिसते, तेच आदल्या दिवशी पन्नासच्या पुढे गेलेले मी पाहिले आहे, आणि हे चौघांसाठी गुणून पाहावे. म्हणून तुमच्या यजमानांच्या सहकाऱ्यांचा सल्ला पिसापुरता बरोबर आणि बाकी सर्व ठिकाणी महागात पडणारा आहे. माझे मत विचाराल तर तिन्ही लांबची तिकिटे आजच काढून मोकळे व्हा.

रोम ते फ्लोरेन्स साधारण दीड तास, फ्लोरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तास आणि व्हेनिस ते मिलान अडीच तास लागतात. दोन्ही कंपन्यांच्या गाड्या एकाच रुळांवरून धावतात आणि दोन्हींचा कमाल वेग ताशी ३०० किलोमीटर आहे. इतालो २०१२ मध्ये आली आणि तेव्हापासून या मार्गांवर स्पर्धा आहे, त्यामुळे दोन्ही संकेतस्थळे शेजारी उघडून सोयीच्या वेळेची जी गाडी स्वस्त दिसेल ती घ्यावी. यात निष्ठा ठेवण्यासारखे काही नाही. फक्त एकीचे तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही, हे पक्के ध्यानात असू द्या.

बाबांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. रोम-फ्लोरेन्स हा युरोपातला पहिला वेगवान मार्ग मानला जातो. त्याचा पहिला टप्पा १९७७ मध्ये सुरू झाला आणि शेवटचा १९९२ मध्ये. त्यापुढचा फ्लोरेन्स-बोलोन्या मार्ग २००९ चा, आणि त्याच्या सुमारे ७८ किलोमीटरपैकी ७३ किलोमीटर तर बोगद्यातच जातात. तेव्हा व्हेनिसला जाताना पहिला अर्धा तास नातवाशी खिडकीसाठी भांडण्यात अर्थ नाही, असे त्यांना आधीच सांगून ठेवा.

स्थानकांच्या नावांत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. सीएसएमटी समजून कुर्ल्याच्या टर्मिनसचे तिकीट काढणारे आपल्याकडे कमी नाहीत. तिथेही तसेच होते. तिकिटांवर आणि फलकांवर फ्लोरेन्सला ‘फिरेन्झे’, व्हेनिसला ‘व्हेनेझिया’ आणि नेपल्सला ‘नापोली’ म्हणतात. रोममध्ये तेर्मिनी आणि तिबुर्तीना अशी दोन मोठी स्थानके आहेत, आणि तुमचे हॉटेल तेर्मिनीजवळ असेल तर तिबुर्तीनाहून सुटणारी स्वस्त गाडी टॅक्सीच्या भाड्याने महाग होते. व्हेनिसच्या बाबतीत ‘मेस्त्रे’ हे खाडीच्या अलीकडचे स्थानक आणि ‘सांता लुचिया’ हे प्रत्यक्ष बेटावरचे. पोंपेईसाठी ‘नापोली चेन्त्राले’ हवे. ‘नापोली आफ्रागोला’ हे शहराबाहेर बांधलेले वेगळे स्थानक आहे.

फलकावर गाडीचे शेवटचे स्थानक लिहिलेले असते, तुमचे नव्हे. फ्लोरेन्सला जाणाऱ्या गाडीसमोर मिलान, तुरीन किंवा व्हेनिस असे नाव दिसेल आणि ‘फिरेन्झे’ शोधत तुम्ही घामाघूम व्हाल. म्हणून तिकिटावरचा गाडीचा क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून बाबांच्या खिशात द्यावा. फलाटाचा क्रमांक ‘बिनारिओ’ या शब्दाखाली सुटण्यापूर्वी काही मिनिटेच उमटतो. त्या वेळी सगळी गर्दी एकदम हलते, आणि दादरच्या पुलावर वाढलेल्या माणसाला तो देखावा अजिबात परका वाटत नाही.

आकडेमोड

ठाणेकर काकांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु ‘तिन्ही तिकिटे आजच काढा’ याच्याशी नाही. त्रेनितालियाच्या सर्वांत स्वस्त भाड्याच्या तिकिटावर ना बदल मिळतो ना परतावा. मधल्या भाड्यात पैसे परत मिळत नाहीत, मात्र फरक भरून तारीख बदलता येते. पूर्ण भाड्याच्या, म्हणजे ‘बाझे’ प्रकारच्या तिकिटात गाडी सुटण्यापूर्वी बदल करता येतो आणि रद्द केल्यास काही रक्कम कापून उरलेली परत मिळते. शेंगेन व्हिसाचा निर्णय साधारणपणे पंधरा दिवसांत येत असला तरी काही प्रकरणांत पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. चौघांपैकी एकाचे पारपत्र जरी अडकले, तरी स्वस्त तिकिटांचे सगळे पैसे गेलेच म्हणून समजावे.

आमच्या वेळी मी अर्जासोबत कोणत्या तारखेला कोणत्या गाडीने जाणार याची छापील यादी जोडली होती, तिकिटे जोडली नव्हती, आणि त्यावरून कोणी काही विचारले नाही. तुमची पारपत्रे मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आली, तरी प्रवासाला पाच-सहा आठवडे हातात राहतात आणि तेवढ्या अवधीत व्हेनिस व मिलानची तिकिटे वाजवी भाड्यात मिळायला हरकत नसावी.

अपवाद एकाच तिकिटाचा, आणि तो मोठा आहे. तुमच्या हिशेबाने रोम सोडण्याचा दिवस २५ एप्रिल येतो. तो इटलीत मुक्तिदिनाच्या सुट्टीचा दिवस आहे, आणि पाठोपाठ १ मे ही सुट्टी असल्यामुळे त्या संपूर्ण आठवड्यात तिथले लोकही आपल्यासारखेच जोडून रजा काढून बाहेर पडतात. ते एक तिकीट आजच काढावे, मात्र परतावा मिळणाऱ्या प्रकारात.

मुलासाठी आणखी एक पर्याय तपासून पाहावा. त्रेनितालियाची ‘बिंबी ग्रातिस’ नावाची सवलत आहे. तीत मोठ्या माणसांसोबत पंधरा वर्षांखालील मुलाला भाडे पडत नाही. मात्र मोठ्यांना पूर्ण भाडे भरावे लागते, त्यामुळे स्वस्त तिकिटे उपलब्ध असतील तेव्हा चौघांचे स्वस्त भाडे या सवलतीपेक्षाही कमी निघू शकते. दोन्ही बेरजा मांडून पाहाव्यात. २५ तारखेला नाहीतरी पूर्ण भाडे भरणारच आहात, तेव्हा त्या दिवशी ही सवलत नक्की उपयोगी पडेल.

आणि पैसे भरण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केले आहेत ना, हे पाहावे. आपल्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. व्यवहार तीन वेळा फसला आणि दर वेळी भाडे दोन युरोंनी वाढले, हा अनुभव मी स्वतः घेतला आहे.

कुपनवाला

पिसाविषयी एक गोष्ट राहिली, ती लिहितो. मुंबईच्या लोकलमध्ये पूर्वी कुपनांची पुस्तिका मिळायची आणि स्थानकावरच्या यंत्रात कुपन घालून त्यावर ठसा उमटवावा लागायचा, हे अनेकांना आठवत असेल. इटलीतल्या प्रादेशिक गाड्यांच्या कागदी तिकिटाचे अगदी तसेच आहे. तिकीट विकत घेतले म्हणजे काम झाले असे नाही. फलाटाच्या तोंडाशी भिंतीवर छोटे यंत्र असते, त्यात तिकिटाची कड सरकवून तारीख आणि वेळ छापून घ्यावी लागते.

आठ वर्षांपूर्वी मी हे केले नाही. ज्या माणसाने वांद्रे स्थानकावर शेकडो कुपने छापली, तोच हातात कोरे तिकीट घेऊन ऐटीत खिडकीपाशी बसला होता. तपासनीस आला, त्याने तिकीट उलटसुलट करून पाहिले, रिकाम्या जागेवर अंगठ्याचे नख दोनदा टेकवले आणि दंडाची पावती फाडली. मी पैसे भरूनच तिकीट घेतले आहे, हे मी परोपरीने सांगत राहिलो. त्यालाही ते पटत होते, पण छाप नसलेले तिकीट उद्या पुन्हा वापरता येते, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. डब्यातली एक आजी माझ्याकडे इतक्या कणवेने पाहत होती की दंडापेक्षा तेच अधिक लागले.

आता मोबाइलवर काढलेल्या प्रादेशिक तिकिटासाठी यंत्राची गरज नसते, परंतु गाडीत बसण्यापूर्वी त्या तिकिटावरचे ‘चेक-इन’ आपण स्वतः करायचे असते. ते विसरलात तर गत माझ्यासारखीच होईल. वेगवान गाड्यांच्या तिकिटांवर गाडी आणि वेळ आधीच छापलेली असल्यामुळे तिथे ही भानगड नाही.

गोरेगाव_पूर्व

मी गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन जवळपास हाच प्रवास केला, म्हणून फक्त गुडघ्यांविषयी लिहिते.

गाडीचा दरवाजा आणि फलाट एका पातळीत नसतात. दोन-तीन पायऱ्या चढून आत जावे लागते आणि हमाल मिळत नाही. यावर उपाय आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. मोठ्या स्थानकांवर ‘साला ब्लू’ नावाची मदत सेवा असते. चालायला त्रास होणाऱ्या प्रवाशाला ती चाकांच्या खुर्चीतून डब्यापर्यंत नेते आणि गरज पडल्यास उचल-यंत्राने आत चढवते. तिचे पैसे पडत नाहीत, मात्र ऐनवेळी जाऊन चालत नाही, आधी कळवावे लागते. आम्ही प्रत्येक प्रवासाच्या दोन दिवस आधी कळवत होतो. सासूबाईंना खुर्चीत बसायचा पहिल्या दिवशी फार संकोच वाटला. तिसऱ्या दिवशी त्या खुर्ची आली का, असे स्वतःहून विचारू लागल्या.

बॅगा लहान न्याव्यात, आणि प्रत्येकाने आपली बॅग आपणच उचलून डोक्यावरच्या फळीवर ठेवता येईल इतक्याच मापाची घ्यावी. डब्याच्या टोकाला मोठ्या बॅगांची जागा असते, पण ती लवकर भरते.

व्हेनिसला हॉटेल मेस्त्रेत घ्यावे असा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील, कारण तिथे खोल्या स्वस्त असतात आणि सांता लुचियाला जाणारी गाडी दहा-बारा मिनिटांत पोहोचवते. तरण्याताठ्या माणसांना हा सल्ला ठीक आहे. आईंना दुपारी दोन तास पाठ टेकायची असेल तर मात्र बेटावरच, सांता लुचियापासून पायऱ्यांचा पूल न ओलांडता पोहोचता येईल असे हॉटेल शोधावे. स्थानकाच्या दारातून बाहेर पाऊल टाकले की समोरच मोठा कालवा आणि बोटींचे धक्के आहेत. हॉटेल निवडताना नकाशावर अंतर पाहू नये, मध्ये पूल किती येतात ते मोजावे.

पोंपेईच्या बाबतीत मी थोडी कठोर बोलते. तेर्मिनी ते नापोली हा सव्वा तासाचा प्रवास सुखाचा आहे, परंतु पुढे नापोली चेन्त्रालेच्या खालच्या मजल्यावरून चिर्कुमवेसुवियाना नावाची स्थानिक गाडी घ्यावी लागते. तिचे तिकीट वेगळे, गर्दी आपल्या लोकलसारखी आणि खिसेकापूही तसेच. ‘पोंपेई स्कावी’ स्थानकावर उतरलात की प्रवेशद्वार जवळच आहे. पण आत दोन हजार वर्षांपूर्वीचे ओबडधोबड दगडी रस्ते आहेत, त्यावर धड पायांची माणसेही अडखळतात. त्या दिवशी बाबा आणि नातू जाऊ देत, तुम्ही आणि आई रोममध्येच थांबा.

संपाचीही माहिती असू द्या. ‘शोपेरो’ हा शब्द स्थानकावर दिसला तर दुर्लक्ष करू नका. संप आधी जाहीर झालेले असतात; कामाच्या दिवशी प्रादेशिक गाड्या सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत चालवाव्याच लागतात, आणि लांब पल्ल्याच्या कोणत्या गाड्या नक्की धावणार याची यादी वेगळी प्रसिद्ध होते. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात एकदा तपासावे, एवढे पुरेसे आहे.

पार्ल्याची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर हा सगळा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पास रद्द. २५ एप्रिलचे रोम-फ्लोरेन्स तिकीट आज सकाळी पूर्ण भाड्यात, मुलाच्या सवलतीसह काढले. गाडी सकाळी सातच्या सुमाराची घेतली, कारण नंतरच्या गाड्यांत चार जागा एकत्र मिळत नव्हत्या. एवढ्या पहाटे उठावे लागेल म्हणून मी क्षमा मागू लागले, तर बाबा म्हणाले की सातची गाडी म्हणजे त्यांच्यासाठी रजेचा दिवस. व्हेनिस आणि मिलानची तिकिटे व्हिसा आल्यावर काढू. पोंपेईला बाबा आणि नातूच जातील, आणि हा निर्णय ऐकून आईला जो आनंद झाला तो तिने लपवण्याचा प्रयत्नही केला नाही.

बाबांचे दोनच प्रश्न उरले आहेत. फ्लोरेन्सहून पुढे जाताना गाडी उलटी फिरून परत रोमकडे निघाल्यासारखी वाटते असे त्यांनी कुठेतरी वाचले आहे, ते खरे आहे का? आणि व्हेनिसला पोहोचताना गाडी समुद्रावरच्या पुलावरून जाते, तेव्हा कोणत्या बाजूला बसावे?

निवृत्त_ठाणेकर

आकडेमोड यांचे म्हणणे मला मान्य आहे. व्हिसाचा विचार मी केला नव्हता, कारण आमचा व्हिसा आधीच आलेला होता.

बाबांनी वाचले ते खरे आहे. फ्लोरेन्सचे सांता मारिया नोव्हेल्ला हे चर्चगेटसारखे शेवटचे स्थानक आहे, रूळ तिथेच संपतात. तिथे थांबणारी गाडी ज्या तोंडाने आत आली त्याच्या उलट्या दिशेने बाहेर पडते. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडला दुसऱ्या टोकाला इंजिन लागायचे, ते बाबांना नक्की आठवत असेल; इथे इंजिन बदलण्याची वाटसुद्धा पाहावी लागत नाही.

व्हेनिसचा रेल्वेपूल १८४६ मध्ये सुरू झाला. मेस्त्रेहून पुढे जाताना उजव्या हाताला मोटारींचा पूल शेजारून धावतो आणि तिकडचे पाणी बरेचसे झाकले जाते. डाव्या बाजूला मोकळी खाडी दिसते. गाडी कोणत्या तोंडाने येईल हे आसन निवडताना सांगता येत नाही, त्यामुळे क्रमांक कोणताही मिळो, मेस्त्रे सोडले की डब्याच्या डाव्या दाराशी जाऊन उभे राहावे. छत्तीस वर्षे पार्ले-चर्चगेट केलेल्या माणसाला दारात कसे उभे राहायचे ते सांगायला नको. फक्त हे दार बंद असते, आणि काचेतूनच पाहावे लागते.